चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

हॅलो? … अगं हळू! 'घरातलं रडणं दाराबाहेर जाऊ देऊ नकोस,' आई काय सांगायची, विसरलीस? … हो, एफीच बोलतेय. न्हाणीघरातून, कडी लावून. … तुझे भावोजी, दुसरं कोण? दार फोडताहेत. चुलीसाठी दलदलीतलं पीट कापायच्या कुदळीनं.

नाही, पोलीस नकोत! … अगं ऐक ना, मारसैली. शहात्तर वर्षांच्या माणसाला बेड्या घालून नेतील. मेंदूचा झटका येण्याआधी ह्या माणसानं कधी कुत्र्यावरही हात उगारला नव्हता. … आज कुत्रीच मेली गं. फ्लॉस. मध्ये आली, एकाच घावात. … माझं? उजवं मनगट. लोंबतंय नुसतं.

सकाळी त्या अपंगभत्त्याच्या कचेरीतून फोन आला होता. फोन ठेवला आणि मागे हे उभे. 'कुणाला विकतेस मला?' म्हणाले, आणि किटली फेकली.

… लपवलं, हो. लंडनला कागद जायचे तेव्हा सोपं होतं. चौदावा प्रश्न, 'ते स्वतःला किंवा इतरांना इजा करतात का?' इंग्रजीत 'नाही' लिहिलं. लंडनला कोण बघतंय? … हो, हो, देव बघतो! टोमणे नकोत. रोज स्तोत्र म्हटल्याशिवाय मी चहासुद्धा घेत नाही, आणि खोटं मीच लिहिलं.

आता ते काम आपल्या एडिनबराकडे आलंय ना… तर सकाळी फोनवर कचेरीतली ती पोर आपल्या गेलिक बोलीत विचारते, 'आजी, ते मारतात का हो?' … आईच्या बोलीत 'नाही' म्हणायला तोंडच उघडेना. … बार्वास गावची आहे, विणकर केनेथची नात. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना कळेल. … मग, तेव्हा तू येऊन त्यांच्यात बसशील का माझ्या शेजारी?

माहीत आहे गं! 'नाही' म्हटलं तर भत्त्याचा वरचा दर नाही, आणि वरचा दर नाही तर ह्यांना सांभाळायला दिवसभर माणूस ठेवता येत नाही. मग एक तर हे समुद्रापलीकडे मुख्य भूमीवरच्या वृद्धाश्रमात, नाहीतर मी फ्लॉसच्या शेजारी…

आई गं! … नाही, नाही, फळी फुटली. कुदळीचं पातं आत आलंय.

… थांब. बोलू नकोस.

… आवाज थांबला.

… फटीतून बघताहेत. म्हणताहेत, 'एफी, तुझ्या हाताला कुणी मारलं? नाव सांग. जीव घेतो त्याचा.'

… नाही, रडत नाहीये.

… कडी नाही काढणार. तुझी शपथ. डॉक्टरांना तू कळव. आणि ऐक, त्या पोरीला मी म्हटलंय, पाचच्या आत उत्तर देते. … नको, तू मध्ये पडू नकोस. माझं मीच सांगेन.

ठेव आता, मारसैली. डाव्या हातानं नंबर लावायचाय, वेळ लागेल.