न दिलेला निरोप

आजच्या निवृत्ती-समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या परगण्याचे शिक्षणाधिकारी माननीय उम साहेब, व्यासपीठावर विराजमान असलेल्या मुख्याध्यापिका नम्गुंग बाई, नदीकाठच्या जुन्या गुरुकुलाचे वयोवृद्ध विश्वस्त तान आजोबा, माझे सहकारी, आणि या सभागृहातही मागच्या रांगा अडवून बसलेले माझे आजी-माजी विद्यार्थीहो,

गेला तासभर आपण माझ्याविषयी जे बोललात ते ऐकून मला वाटू लागलं, हा प्यो सोक-ग्यू नावाचा गृहस्थ कोण आहे, त्याला एकदा भेटलं पाहिजे. मानपत्रात तर लिहिलंय, ‘कन्फ्यूशियसची शिकवण आधुनिक वर्गात जिवंत ठेवणारा शिक्षक’. तान आजोबा म्हणाले, आईवडिलांपुढे वाकायचं कसं हे या गावातल्या दोन पिढ्या माझ्याकडून शिकल्या. वाकायला मी शिकवलं, हे खरं आहे. रोज सकाळी शिकवलं. पाठ सरळ, हात पोटाशी, नजर खाली. पण मानपत्र मी अजून हातात घेतलेलं नाही, ते टेबलावरच आहे, हे उम साहेबांच्या लक्षात आलं असेल. ते घेण्याआधी मला एक गोष्ट सांगायची आहे. बाई, तुम्ही मला दहा मिनिटं दिली आहेत. थोडी जास्त लागतील.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात बान ये-सुल नावाची मुलगी होती. तिचे वडील, बान दाल-सू, परगण्याची बस चालवायचे. शाळेच्या दारात बस थांबली की ते टोपी काढून आम्हा शिक्षकांना खिडकीतूनच नमस्कार करायचे. मला म्हणायचे, “गुरुजी, आपली अक्कल स्टिअरिंगपुरती. पोरीचं तुम्ही बघा.”

ये-सुल शेवटच्या वर्षाला असताना त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. त्या उन्हाळ्यापासून ते इस्पितळातच होते. माझ्या पुस्तकात एक धडा होता, आजारी आईबापाच्या उशाशी मुलाने कसं बसावं याचा. बाकीची मुलं तो धडा पाठ करत होती आणि ही मुलगी तो जगत होती. पहाटे इस्पितळात जायची, वडिलांना चमच्याने तांदळाची पेज भरवायची आणि मग शाळा गाठायची. बायकोच्या हातून ते पेज घेत नसत. ये-सुलची आई चिडायची, “माझ्या हाताला काय काटे आहेत का?” ते म्हणायचे, “तू भरवताना रडतेस. ती भरवताना गणित समजावते. मला काही कळत नाही, पण पेज जाते पोटात.”

नोव्हेंबरात विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा आली. केंद्र नदीपलीकडच्या शहरात, इस्पितळापासून चाळीस मिनिटांवर. आदल्या दिवशी तिला तिथल्या मावशीकडे झोपायला पाठवलं. फोन आत नेता येत नाही म्हणून तो तिने घरीच ठेवला होता.

रिवाजाप्रमाणे मी सकाळी केंद्राच्या फाटकाशी उभा होतो. खालच्या वर्गातली मुलं ढोल बडवत होती, आम्ही मुलांच्या हातात गरम चहा आणि चिकट साखरेची वडी देत होतो. पावणेआठच्या सुमारास ये-सुल आली. मी तिच्या हातात पेला दिला आणि माझा फोन वाजला. तिच्या आईचा होता.

“गुरुजी, डॉक्टर म्हणतात दुपार गाठणार नाहीत. हे म्हणतायत, पोरीला सांगू नका, पेपर होऊ द्या. मी काय करू? मला काही सुचत नाही. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच ठरवा.”

ये-सुल समोरच चहा फुंकत उभी होती. म्हणाली, “कुणाचा फोन, गुरुजी? आईचा? बाबांनी पेज घेतली का?”

फाटक बंद व्हायला वीस मिनिटं होती. समोर टॅक्सी उभी होती.

मी म्हणालो, “घेतली. अर्धी वाटी घेतली.”

तिचा चेहरा असा उजळला! कुणाच्या हातून घेतली हेसुद्धा तिने विचारलं नाही. पेला खाली ठेवला, भर गर्दीत कमरेतून वाकून मला नमस्कार केला, आणि पळत आत गेली.

सभ्य स्त्री-पुरुषहो, पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की मी एका मरणाऱ्या बापाची आज्ञा पाळली. बापाचा शब्द मोडायचा नाही, हीच आपली रीत नाही का? आज माझ्याकडे गमावण्यासारखी नोकरी उरलेली नाही, तेव्हा खरं सांगतो. त्या क्षणी माझ्या मनात बाप नव्हता. आमच्या शाळेतून नऊ वर्षांत एकही मूल राजधानीच्या मोठ्या विद्यापीठात गेलं नव्हतं. तेव्हाचे मुख्याध्यापक रोज मला जिन्यात गाठून विचारायचे, “ती बानची मुलगी काय म्हणते? काढेल ना नाव?” माझ्या मनात ते नाव होतं.

मी गाडी काढून इस्पितळात गेलो. नऊ वाजले असतील. दाल-सू शुद्धीवर होते.

“आत गेली?” त्यांनी विचारलं.

“गेली.”

“गारठा होता?”

“मफलर होता गळ्यात.”

“मग बरं,” म्हणाले, आणि मान वळवून दाराकडे बघू लागले.

बायको म्हणाली, “अहो, दाराकडे काय बघताय सारखे?”

“काही नाही.”

नर्स आत आली की त्यांची मान किंचित वर उठायची. नर्सच आहे हे दिसलं की परत उशीवर पडायची. तोंडाने नको म्हणालेला तो माणूस दोन तासांहून जास्त वेळ दाराकडे बघत होता. मी शेजारी बसलो होतो. मी ते पाहत होतो. माझ्या खिशात गाडीची किल्ली होती. पहिला पेपर संपल्यावर मुलांना मधली सुट्टी असते. मी तिला आणू शकलो असतो. मी काय केलं? मी त्यांचं पांघरूण नीट केलं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी ते गेले.

संध्याकाळी मीच तिला आणायला गेलो. चाळीस मिनिटं ती गाडीत अखंड बोलत होती. पेपर चांगले गेले होते. “गुरुजी, आज रात्री मी बाबांना सगळा पेपर समजावणार. झोपले तरी सोडणार नाही!” इस्पितळाच्या आवारात मी गाडी डावीकडे, मागच्या इमारतीकडे वळवली. ती इमारत आपल्या गावात सगळ्यांना माहीत आहे. अंत्यविधी तिथे होतात. ती बोलता बोलता थांबली. मी एक शब्दही सांगितला नाही. तिला गाडीच्या वळणावरून कळलं.

दाल-सूंना मुलगा नव्हता. पुतण्याला उभं करा म्हणून काका अडून बसले होते, पण वडिलांच्या तसबिरीशेजारी, मुलाने आलेल्यांचे नमस्कार घेत उभं राहायच्या जागी, ती स्वतः उभी राहिली. मी तसबिरीपुढे दोनदा वाकलो, मग रीतीप्रमाणे तिच्यापुढे वाकलो. तिने उलट नमस्कार केला नाही. ताठ उभी राहिली.

काका ओरडले, “गुरुजी आहेत ते! वाक! शाळेत काही शिकवलं नाही का तुला?”

ती म्हणाली, “यांना विचारा, बाबांनी सकाळी पेज घेतली होती का.”

निकाल लागला. परगण्यात पहिली आली. शाळेने फाटकावर तिच्या नावाचा मोठा फलक लावला. तो काढा म्हणून ती दोनदा विनवायला आली. आम्ही काढला नाही. वसंतात वाऱ्याने फाटेपर्यंत तो तिथेच होता. ये-सुलने मात्र एकाही विद्यापीठात अर्ज केला नाही. बसस्थानकामागे तिच्या आईचं शेवयांचं दुकान आहे, तिथे ती उभी राहिली. आजही तिथेच आहे. आपल्यापैकी बरेचजण तिच्या हातचं जेवलेले आहेत.

मीही जातो. दर महिन्याला जातो. ती वाटी समोर ठेवते, मुळ्याचं लोणचं संपलं तर न मागता आणून देते आणि म्हणते, “काका, आणखी काही?” छत्तीस वर्षांत हजारो मुलांनी मला गुरुजी म्हटलं. तिने अकरा वर्षांत म्हटलं नाही.

मागच्या आठवड्यात मी तिला या समारंभाचं आमंत्रण द्यायला गेलो. तिने ते वाचलं, ओले हात पुसून पुन्हा वाचलं. म्हणाली, “दुपारची गर्दी असते, काका. दुकान सोडून जमणार नाही.”

मी म्हणालो, “ये-सुल, माझं चुकलं.” अकरा वर्षांत पहिल्यांदा म्हणालो.

तिने आमंत्रण घडी करून कट्ट्यावर ठेवलं. मग म्हणाली, “आईने मला वेळ सांगितली होती. अकरा वीस. गणिताचा पेपर चालू होता. मी एका उदाहरणात अडकले होते. पंधरा मिनिटं त्याच्याशी झगडत होते. अकरा पाचपासून अकरा वीसपर्यंत. ते उदाहरण अजून पाठ आहे मला.”

छत्तीस वर्षांची सवय, शिक्षकाचं तोंड, मी विचारलं, “सुटलं होतं का?”

“सुटलं, काका,” ती म्हणाली. “बरोबर आलं.”

आणि शेवया गाळायला आत गेली.

तिची खुर्ची इथे तिसऱ्या रांगेत रिकामी आहे. ती रागाने आली नाही असं समजू नका. ती कामावर आहे.

तरुण शिक्षकांनो, तुम्हाला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, म्हणून विनंती करतो. जुने धडे खुशाल शिकवा, नवे पेपर खुशाल काढा. पण कधी असा फोन आला, तर मुलाला सांगा. आत जायचं की घरी जायचं, हे त्याचं त्याला ठरवू द्या. त्याच्या वाट्याचं ते तुम्ही ठरवू नका.

उम साहेब, नम्गुंग बाई, तान आजोबा, आपण सर्वांनी आज मला जो मान दिला त्याबद्दल मी ऋणी आहे. मानपत्र मात्र इथेच, टेबलावर राहू द्या.

भाषणाच्या शेवटी, बोलण्यात काही उणंअधिक झालं असल्यास क्षमा करावी, असं म्हणण्याची आपली रीत आहे. बोलण्यातलं जे चुकलं असेल त्याची क्षमा आपण जरूर करावी. जे केलं त्याची करू नये. ती आपल्या हातात नाही, आणि जिच्या हातात आहे तिच्याकडे मी पुन्हा मागणार नाही.

नमस्कार.