कडी आतून लागते

— बसू नका आत्या, बसू नका, आंघोळ उभ्यानंच करायची असते यात. बसलं की गुडघे दाराला लागतात आणि मग उठता येत नाय — मला माहितीय, मी बसून बघितलंय. म्हणजे कोरडीच. साडी दारातून बाहेर द्या, आई लगेच धुवायला घेईल, तुमी मुरबाडला निघेपर्यंत वाळेल. आईचं पातळ हुकाला अडकवलंय, वर, तिथं पाणी उडत नाय. आता कडी लावा. खालची नाय, ती नुसती दिसायला आहे, वरची. खट् वाजलं पाहिजे. — हां, वाजलं. आता कोण येणार नाय. मी इथंच बसलेय, दाराला पाठ लावून.

पांढरं बटण दिसतंय ना, ते दाबा. घरघर आवाज येईल, घाबरू नका, तो पंप आहे. टाकी इथं गाडीच्या शिटाखाली आहे, पाणी आपलं आपण वर चढत नाय, पंप चढवतो. मग नळ. लाल ठिपक्याचा गरम, निळ्या ठिपक्याचा थंड. अंग भिजलं की बंद करायचं, साबण लावायचा, मग परत चालू करायचं. भडाभडा सोडायचं नाय, टाकी छोटी आहे. शेठनी सांगितलंय — म्हणजे आमी असंच करतो. आमच्यात असंच करतात.

म्हशीचं वाईट नका वाटून घेऊ. ती काय कोणाला मारत नाय. शेपटी हलवते, आणि शेपटीला शेण असतं, आणि तुमी नेमक्या तिच्या मागून आलात. दुसरीकडून कसं येणार, वाट तेवढीच आहे. एरवी ती वाटेवर नसते, गोठ्यात असते, आज आईनं तिथं बांधली. मुद्दाम नाय. म्हणजे बांधली मुद्दाम, पण शेपटी तिनं तिच्या मनानं मारली. पाहुण्यांना चहा घ्या म्हणता येतं, जेवा म्हणता येतं, पण आंघोळ करा असं कसं म्हणणार? आणि आंघोळ केल्याशिवाय न्हाणीघर नुसतं बघून काय कळतं? असं आई बोलली. मी नाय बोलले. मी काहीच बोलत नाय.

खरंच नाय बोलत. तुमी ओटीवर विचारलंत, कितवीला आहेस गो, तर मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले आणि आईनं सांगितलं, दहावीला. शाळेतपण तसंच आहे. बाई बोलतात, काजलचं लिहिलेलं वाचावं, तिला विचारू नये. म्हणून तर मला तुमच्याबरोबर पाठवली. मला एकच वाक्य दिलंय — हे आमचं न्हाणीघर — ते बोलायचं आणि गप्प बसायचं. मी बोलले पायरी चढताना, पण तुमी तेव्हा पदर झटकत होतात, ऐकलं नसेल. आता हे एवढं सगळं कसं काय बोलतेय मला माहीत नाय. मध्ये दार असलं की बोलता येतं असं दिसतं. तुमचं तोंड दिसत नाय ना.

काय? — भाजतंय? मग निळा सोडा जरा. — निळ्यातूनपण गरम?

हां. — आज निळ्यातूनपण गरमच येईल.

थांबा, अंगावर घेऊ नका, बाजूला सरका — दादा! ए दादा! एक हंडा थंड ओत! — थांबा जरा, आत्या. ओततोय.

हो. दादाच. म्हणजे तोच, भगीरथ, नवरामुलगा. बाबांनी तुमाला सांगितलं ना शेतावर गेलाय, तो शेतावर नाय, तो गाडीच्या मागं आहे. चुलीवर तापवलेलं पाणी हंड्यानं आणतो आणि नरसाळं लावून टाकीत ओततो. तिथून काही दिसत नाय, आत्या, ते भोक मुठीएवढं आहे आणि खाली आहे. तरी मी त्याला पाठ फिरवून उभा राहायला सांगते. — दादा, तिकडं तोंड कर! — तो आधीच तिकडं तोंड करून आहे. तो तसाच आहे. त्याला ओटीवर का नाय बसवला, सांगू? त्याला खोटं बोलता येत नाय. तुमी विचारलं असतं, न्हाणीघर तुमचंच का, तर तो लगेच बोलला असता, नाय, शेठचं. म्हणून त्याला पाण्यावर लावलाय आणि मला तुमच्यावर. आईला वाटलं माझ्याकडून बाहेर पडणार नाय.

पडलं का? — पडलंच म्हणा.

शेठ म्हणजे ज्यांची ही गाडी आहे ते. मुंबईचे. बस घेऊन तिच्यात घर करून घेतलं — झोपायचं, चहाचं, हे न्हाणीघर. दादा त्यांचा ड्रायव्हर. शेठ मुलाकडं परदेशी गेलेत, गाडी आमच्या खळ्यात लावून गेलेत, अधूनमधून चालू करत जा बोलले. चांगले आहेत ते. मला बोलले, आमच्याकडं नळाला तुमच्या इथल्या तानसा धरणाचं पाणी येतं, म्हणजे आमी तुमचंच पाणी पितो. मी मान हलवली. मी तेव्हा विहिरीवरनं येत होते, डोक्यावर हंडा होता, जास्त हलवता नाय आली.

गरम पाण्याचं पण खरं यंत्र आहे यात, ते खोटं नाय. ते बघा, तुमच्या पाठीमागच्या फळीच्या आत. त्याला गॅस लागतो, आत छोटी ज्योत पेटते, पाणी जाता जाता तापतं. पण गॅस संपलाय, आणि शेठचा गॅस आमी कसा भरणार, आणि भरून पेटवला तर दादा घरात जेवायचा नाय. तो आमाला गाडीत झोपूपण देत नाय. ठेवायला दिलीय, वापरायला नाय, बोलतो. आजसुद्धा तो तयारच नव्हता. पण तिकडं म्हसा गावच्या जत्रेत नामाकाकानं तुमच्या भावाला आधीच सांगून टाकलं होतं. बाबा बैल बघायला गेलेले, तुमचा भाऊपण बैल बघायला आलेला, नामाकाकानं दोघांना चहाला बसवलं, बैल राहिला बाजूला आणि हर्षालीवहिनीच्या लग्नाचं निघालं. तुमचा भाऊ बोलला, पोरगी बारावी झालीय, तिची एकच अट आहे, न्हाणीघर पाहिजे आणि त्याला आतून कडी पाहिजे. तर नामाकाका बोलला, नळाचं आहे, गरम पाण्याचं आहे, कडी आहे. बाबा काहीच नाय बोलले. घरी येऊन बोलले, मी हो म्हटलं नाय. पण नाय म्हटलं नाय म्हणजे हो झालं की.

आता बरं आहे ना पाणी? — कोमट झालं. मग घ्या.

मला ती अट ऐकून बरं वाटलं. हर्षालीवहिनीची. अजून वहिनी नाय, पण मी मनातल्या मनात म्हणते. दागिना नको, टीव्ही नको, कडी पाहिजे. मी त्यांना बघितलं नाय, पण मला वाटलं आमी एकाच वर्गात आहोत. आमची न्हाणी तुमाला दाखवली नाय, ती मागं आहे, आंब्याच्या पलीकडं. एक दगड आहे आणि दोन जुन्या साड्या बांधल्यात. वारा आला की एक हात साडीला लागतो, मग एका हातानं काय काय करणार. म्हणून मी उजाडायच्या आधी जाते. थंडीत पाणी तापवायला तेव्हा चूल पेटलेली नसते, तर गारच घेते. सवय होते. बाबा बोललेत, लग्न ठरू दे, पावसाच्या आधी विटांची न्हाणी बांधू, पत्रा टाकू, दार लावू. सुनेला असं उघड्यावर चालायचं नाय.

मी सातवीत असल्यापासून सांगतेय. मी आईला सांगितलं, आईनं बाबांना सांगितलं. बाबा बोलले, पोर काय, आज ना उद्या दुसऱ्याच्या घरी जायची, तिथं असेल न्हाणी. — बरोबरच आहे ते. मी काय बोलणार? मी जाणार आहे आणि वहिनी येणार आहेत. येणाऱ्यासाठी बांधतात, जाणाऱ्यासाठी कोण बांधतं?

साबण डाव्या हाताला आहे. नवा आहे, कागद काढून ठेवलाय. केसांना लावला तरी चालेल.

दर रविवारी गाडी मी झाडते. दादानं मला तेवढंच करू दिलंय. काचा पुसते, शिटा झटकते, सगळ्यात शेवटी इथं येते. इथलं पुसून झालं की आत जाते आणि कडी लावते. पाणी नाय सोडत, दादाला कबूल केलंय. नुसती उभी राहते. बाहेरून वाटतं झाडतेय. आत काही नसतं बघण्यासारखं, तो नळ आणि ते दोन ठिपके. कोण हाक मारत नाय. मारली तरी ऐकू येत नाय म्हणता येतं. मग बाहेर येते आणि केराची पाटी घेऊन जाते. — हे तुमाला कशाला सांगितलं काय माहीत. हे मला दिलेल्या वाक्यात नव्हतं.

वास? कसला वास? — हिरवं? पाणी हिरवं येतंय?

नाय नाय, ते घाण नाय. ती निरगुडी असेल. तुमी उतरल्या उतरल्या बोललात ना, एस.टी.नं कंबर धरली, तर आईनं हंड्यात निरगुडीचा पाला टाकला असणार. पाहुण्यांच्या पाण्यात ती टाकतेच. चांगली असते अंगाला. पण ती हंड्यात टाकायची असते आणि तांब्यानं घ्यायची असते, आणि दादानं हंडा तसाच —

पाणी गेलं? पंप वाजतोय पण पाणी नाय? — बटण बंद करा, आत्या, बटण! पांढरं! जळेल तो! — झाला बंद. — डोळ्यांत साबण आहे? उघडू नका. पाला अडकला असणार पंपात. दादा, ओतू नकोस! बादली आण! बादली, बादली, आणि तांब्या! — शेठच्या गाडीत आजपर्यंत कोणी पाला घातला नसेल. दादा आता पंप खोलून साफ करेल आणि शेठ आले की पहिलं वाक्य तेच सांगेल त्यांना. तुमी बघाच.

आली बादली. कडी काढा, मी बघत नाय, तोंड फिरवून आत सरकवते. — घेतली? लावा कडी. — हां. आता मात्र बसावं लागेल, बादलीनं उभ्यानं होत नाय. गुडघे तिरके करा, खिडकीकडं. — जमलं ना? एकदा तिरके केले की जमतं.

आत्या. तुमी आता ओटीवर जाऊन काय सांगणार?

मोडणार तुमी? — मोडलंत तर बरोबरच आहे, आमी फसवलंच. म्हैस, गरम पाणी, शेतावर गेलाय, सगळंच. पण दादा तेवढा त्यात नव्हता. त्याला हंडा उचल बोलले म्हणून त्यानं उचलला, आणि उचलताना बोलला, संध्याकाळी मी स्वतः त्यांना मुरबाडला जाऊन खरं सांगणार. बाबा बोलले, संध्याकाळपर्यंत सुपारी फुटलेली असेल. दादा बोलला, तरी सांगणार. हे मी ऐकलंय, मी चुलीपाशीच होते. आणि वहिनी नाय आल्या ना, तर — तर काही नाय. आंब्यामागं दोन साड्या आहेतच.

काय बोललात? पाणी ओतताना बोललात, ऐकू नाय आलं.

न्हाणी आधी. — आणि सुपारी नंतर? म्हणजे विटा, पत्रा, कडी, सगळं बांधून झाल्यावर तुमी परत बघायला येणार, आणि मग सुपारी? — असं ओटीवर सांगणार तुमी? बाबांच्या तोंडावर? — पण आत्या, तोपर्यंत वहिनी तर इथं नसतील. त्या मुरबाडला. मग इतके दिवस ती वापरणार कोण?

— हां.

हां, कळलं.

नाय, रडत नाय. साबणाचा वास नाकात गेला.

झालं का तुमचं? पातळ नीट नेसा, आईचं आखूड आहे जरा. — अर्धी बादली उरलीय? ठेवा तशीच, आई भांड्यांना — मी? आत्ता? नाय, आज सकाळी सगळं पाणी टाकीसाठी तापवलं म्हणून माझी आंघोळ राहिलीच, पण — आई हाक मारेल. तुमी सांगाल? काय सांगाल, काजल कुठं आहे म्हणून? — गाडी झाडतेय. — हो, ते चालेल. ते नेहमीचंच आहे.

पायरीवर बसाल ना? तिथंच बसा. दार मला माहितीय. वरची कडी, खट् वाजतं.

वाजलं ना?

आता मी बोलणार नाय, आत्या.