त्रेचाळीस फाइली आणि एक श्री

नाही, पण मला एक सांगा, जिला हजेरीला 'हजर' म्हणायच्या आधी दोनदा घसा साफ करावा लागतो, तिच्या हातात कोणी अख्ख्या वर्गाचं पोर्टल देतं का? दिलं! आमच्या सुमतीबाईंनी दिलं! म्हणाल्या, "निशा शांत मुलगी आहे, मशीन बिघडवणार नाही." आता शांत असण्याचा आणि मशीन न बिघडवण्याचा काय संबंध? आमच्या कॉम्प्युटर रूममध्ये अकरा मशीन आहेत, त्यातली सात अगदी शांत आहेत आणि ती सातही बिघडलेली आहेत! हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, तुम्हाला सांगते… पण मी काही बोलले नाही.

तर पोर्टल म्हणजे काय, तर दोन हजार तेराच्या जूनमध्ये आमच्या संस्थेला वाटलं की जग पुढे गेलंय आणि आपण पनवेललाच राहिलोय. मग संस्थेच्या सगळ्या शाळांसाठी एक पोर्टल आणलं. धडे त्यावर टाकायचे, नोट्स त्यावर टाकायच्या, आणि आम्हा नववीवाल्यांचे विज्ञानाचे प्रकल्पसुद्धा त्यावरच टाकायचे. फेब्रुवारीत संस्थेची माणसं येणार, पोर्टल उघडणार आणि त्यात जे दिसेल त्याला वीसपैकी मार्क देणार. वही दाखवायची नाही, तक्ता दाखवायचा नाही, 'सर, घरी राहिलं' म्हणायचं नाही. पोर्टलवर आहे तर आहे, नाही तर शून्य. आणि विज्ञानात वीस मार्क म्हणजे काय ते आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना विचारा, त्यांचं सगळं पास होणं त्या विसांवरच उभं असतं!

बरं, माझा स्वतःचा प्रकल्प! पाण्यातला खारटपणा! मी दर रविवारी बाटल्या घेऊन हिंडले हो! पनवेलच्या खाडीचं पाणी, मग आपट्याला मामाकडे जाऊन पाताळगंगेचं पाणी, तेही भरतीचं वेगळं आणि ओहोटीचं वेगळं. सगळ्या बाटल्या मामीच्या ओट्यावर रांगेत. एका रविवारी मामीने त्यातली खाडीची बाटली उचलली आणि सरळ आमटीत ओतली. मामा जेवता जेवता म्हणाला, "आज मीठ जरा सढळ हाताने पडलंय." मला माहीत होतं कुठलं मीठ ते! सांगायला नको होतं का? पण मी काही बोलले नाही. नुसता भात खाल्ला.

तर डिसेंबरमध्ये फाइली टाकायला सुरुवात झाली. कॉम्प्युटर रूमची किल्ली आमच्या दयारामकाकांकडे. काका नेरे गावचे, शाळेत शिपाई, आणि त्यांचा एकच नियम: "ए पोरी, चपला भायेर काढ. मशीनला धूल लागते." मशीनवर टॉवेल, टॉवेलवर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर गेल्या दसऱ्याची झेंडूची माळ. ते सगळं बाजूला करेपर्यंत तास निम्मा संपतो. मग एकेक मूल खुर्चीत बसणार, आपला प्रकल्प टाइप करणार, मी शेजारी माउस धरून, आणि मागे बाई उभ्या. आणि बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी काय लिहायचं?" मूल म्हणणार, "श्री." "शाब्बास. कोऱ्या कागदावर श्री नाही तर काही नाही!"

आता मला श्रीबद्दल काही म्हणायचं नाही, मीपण वहीत लिहिते, परीक्षेच्या पेपरवरसुद्धा लिहिते. पण हे मशीन फार आगाऊ असतं हो! तुम्ही फाइल ठेवायला गेलात आणि नाव नाही दिलंत, तर ते आपलं आपण पहिली ओळ उचलतं आणि तेच नाव ठेवून मोकळं होतं. म्हणजे पहिल्या मुलाच्या फाइलचं नाव काय? श्री. दुसऱ्याच्या? श्री! आणि दुसऱ्याची ठेवताना मशीन विचारतं, बिचारं अगदी चौकट काढून विचारतं, की या नावाची फाइल आधीच आहे, ती काढून तिच्या जागी ही ठेवू का? आणि बाई मागून म्हणतात, "हो म्हण, हो म्हण! एवढं अदबीने विचारतंय तर नाही कशाला म्हणायचं?"

झालं! पहिली गेली, दुसरी आली. मग तीच श्री पोर्टलवर टाकायची, तिथेही तोच प्रश्न, तिथेही तेच "हो म्हण." वर एक हिरवी बरोबरची खूण येते. ती खूण आली की बाई खूश, मूल खूश, मूल रजिस्टरमध्ये सही करतं आणि चप्पल घालून पळतं. मागे वळून कोणी बघायचंच नाही! बघणार कसं? पोर्टलचा पासवर्ड बाईंच्या पर्समध्ये, एका चिठ्ठीवर, आणि ती चिठ्ठी हळदीकुंकवाच्या पुडीत.

मला दुसऱ्याच मुलाच्या वेळी कळलं होतं, खोटं कशाला सांगू. सातव्या नंबरला आमचा मॉनिटर कल्पेश बसला, तेव्हा मी हिंमत केली. तोंडाने नाही, हाताने. फाइलच्या नावात हळूच टाइप केलं, 'श्री कल्पेश'. बाई म्हणाल्या, "हे काय? नववीतल्या पोराला कसला आलाय श्री? अजून मिसरूड नाही फुटलं! काढ ते." कल्पेश लाजला, मी 'कल्पेश' काढलं, मशीनने विचारलं, बाई म्हणाल्या, "हो म्हण"… आणि सहाव्या नंबरचा फुलांचा प्रकल्प गेला देवाघरी. मी काही बोलले नाही.

असे आठ दिवस! रोज पाच-सहा मुलं! मी बसलेय आणि एकेका मुलाचा प्रकल्प माझ्याच हाताने पुसतेय! आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी माझा, कारण माउस माझ्याकडे. म्हणजे पोर्टलवर उरलं काय, सांगा बघू? फक्त माझं खारट पाणी! त्रेचाळीस सह्या आणि एक फाइल, आणि तीही हिची! लोक काय म्हणतील? मुद्दाम केलं म्हणतील की नाही?

मी हेतलला सांगितलं. हेतल माझ्या बाकावर बसते, तिच्या पप्पांचं बाजारात कापडाचं दुकान आहे, गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तिचा आवाज असा तयार झालाय की ती कुजबुजली तरी शेजारच्या वर्गाला कळतं. मला वाटलं, ही सांगेल. तर म्हणाली, "पागल आहेस का? मी सांगितलं तर बाई म्हणतील, हेतलची नाटकं. तू सांग. तू बोलतच नाहीस ना, म्हणून तुझं खोटं अजून कोणी ऐकलेलंच नाही." बघा, अशी मैत्रीण!

गेले मी. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात जाऊन उभी राहिले. बाई वर न बघता म्हणाल्या, "काय गं, वही का? ठेव टेबलावर." माझ्या हातात वही नव्हतीच हो, डबा होता. पण बाई 'ठेव' म्हणाल्या ना! मी डबा ठेवला आणि आले. दिवसभर उपाशी! पाचव्या तासाला बाईंनी डबा पाठवून दिला, वर निरोप, "भाजी छान होती."

मग मी चिठ्ठी लिहिली. चांगल्या कागदावर, समास सोडून, सुवाच्य अक्षरात. 'आदरणीय बाई, सर्व फाइलींचे नाव एकच असल्यामुळे बेचाळीस प्रकल्प पुसले गेले आहेत.' वर श्री होताच, सवय! आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी ती चिठ्ठी वर्गात उंच धरली. म्हटलं, कळलं! सुटले! तर बाई म्हणतात, "बघा! वेलांटी बघा! अक्षर असावं तर असं!" आणि चार टाचण्या लावून ती फळ्याशेजारच्या बोर्डावर! तेव्हापासून ती तिथेच! त्रेचाळीस मुलं रोज तिच्यासमोरून ये-जा करत होती, आणि वेलांटीच्या पलीकडे एकही गेला नाही!

हेडसरसुद्धा येऊन गेले, "दाखवा तुमचं पोर्टल." बाईंनी उघडलं. पांढरं पान, त्यावर एकच शब्द, श्री. सरांनी डोळे मिटले, हात जोडले, म्हणाले, "वा! प्रारंभ उत्तम आहे," आणि गेले! खाली सरकून काही आहे की नाही, बघितलंच नाही! फक्त दयारामकाका टॉवेल घालता घालता म्हणाले, "मना काय कलतं गो त्या डब्यातला? पन त्रेचालीस पोरांचा सामान नं पिशवी येकच, मंग बाकीचा गेला कंय?" काकांना कळलं! चौथी शिकलेल्या माणसाला कळलं! मी नुसती मान हलवली. बोलले काहीच नाही.

आणि उजाडला तो दिवस. संस्थेच्या वसुंधराताई आल्या, बरोबर दोन सभासद. काकांनी त्यांनाही चपला बाहेर काढायला लावल्या. बाईंनी ठेवणीतली साडी नेसलेली. अर्धा वर्ग दारात, अर्धा खिडकीत. पोर्टल उघडलं. श्री. दोन्ही सभासदांनी हात जोडले. ताईंनी नाही जोडले. ताई म्हणाल्या, "पुढे?"

"निशा, पुढे कर," बाई म्हणाल्या. मी पुढे केलं. माझा प्रकल्प उघडला. ताईंनी सगळा वाचला, आलेखसुद्धा बघितले. "सुंदर आहे. पुढचा?"

पुढचा नव्हताच.

बाईंनी रजिस्टर उघडलं, त्रेचाळीस सह्या. पोर्टल बघितलं, एक फाइल. परत रजिस्टर. हेडसर म्हणाले, "नेट स्लो असेल." एक सभासद म्हणाले, "लाईट गेली होती का मध्ये?" आणि खिडकीतून कल्पेश ओरडला, "हिनेच पुसल्या! माउस हिच्याकडे होता!" सगळी खिडकी माझ्याकडे बघायला लागली. बाईंचा चेहरा असा झाला ना… त्या चिडल्या असत्या तर चाललं असतं, पण त्या घाबरल्या होत्या. ताईंनी पेनाचं टोपण काढलं. "नियम स्पष्ट आहे. जे पोर्टलवर आहे, त्याचेच मार्क. या मुलीला वीस, आणि बाकी बेचाळीस…" पेन कागदावर टेकलं.

आणि तुम्हाला सांगते, मी बोलले!

मी बोलले म्हणजे काय, नऊ वर्षांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं! म्हटलं, थांबा ताई, शून्य देऊ नका, सगळ्यांनी केलेत प्रकल्प, मी स्वतः बघितलेत, नाव एकच पडलं म्हणून एकावर एक बसत गेले, मशीन दर वेळी विचारत होतं आणि आम्ही दर वेळी हो म्हणत होतो, आणि बाईंनी मुद्दाम नाही केलं, मीच सांगायला हवं होतं, मी सांगायला गेले होते पण डबा ठेवून आले, चिठ्ठी लिहिली ती अजून बोर्डावर आहे, हेडसरांनी नुसते हात जोडले, दयारामकाकांना मात्र कळलं होतं, आणि माझ्या प्रकल्पात तिसऱ्या रविवारचा खाडीचा आकडा नाही कारण ते पाणी मामाने आमटीतून खाल्लं! हे शेवटचं कोणी विचारलं होतं का? नव्हतं! पण थांबताच येईना! हेतल खिडकीतून हाताने 'पुरे, पुरे' करत होती. हेतल! मला!

मग बाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "अगं, मग आधी का नाही बोललीस?"

आता यावर काय बोलणार!

पण ताईंनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, आठ दिवस देते, सगळे परत टाका, आणि फाइलचं नाव हजेरी क्रमांक ठेवा, श्री आतमध्ये लिहा, तिथे त्याला कोणी हात लावणार नाही. मग काय, आठ दिवस परत मी आणि माउस. मुलं परत टाइप करतायत, बाई मागे उभ्या, आणि मशीनने काहीही विचारलं की बाई लगेच, "नाही म्हण! नाही म्हण!" एकदा त्याने 'बंद करू का' विचारलं, तर तिथेही नाही! काकांना घरी जायला उशीर. पण पडल्या हो त्रेचाळीस फाइली! कल्पेशला सोळा मिळाले. एकाचंही शून्य नाही. वर्गाने मला धन्यवाद वगैरे दिले असं नाही, पण कोणी शिव्याही दिल्या नाहीत, आमच्या वर्गात हे खूप झालं.

आणि मला? मला अठरा. दोन कुठे गेले म्हणून बघितलं, तर सादरीकरणाचे कापले होते. समोर ताईंनी लिहिलंय, 'विद्यार्थिनी विषय सोडून बोलते.'

बरं, तेवढ्यावर भागलं असतं! एप्रिलमध्ये प्रगतीपुस्तक आलं. बाईंचा शेरा, 'हुशार आहे. वर्गातील बडबड कमी करावी.' आईने तो शेरा वाचला. पुस्तक मिटलं, वर नाव कोणाचं आहे ते बघितलं, पुन्हा उघडून शेरा पुन्हा वाचला, एकदा माझ्याकडे बघितलं… आणि केली सही.