ज्ञान्याचं सगळं रेंजमध्ये

नाही, मला एक सांगा, माणसानं सहन करायचं तरी किती? पंधरा दिवस कारल्याचा रस प्यायलो मी, भिजवलेली मेथी सकाळी नाक दाबून गिळली, शेजारच्यांच्या बारशाचा पेढा कपाळाला लावून परत दिला... आणि रिपोर्ट चांगला कुणाचा आला? ज्ञान्याचा! ज्ञानेश हो, आकुर्डीला आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतो, चाकणच्या कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवर असतो, कंपनीच्या बसमध्येही माझ्याच शेजारी, आणि खिडकी कायम त्याला! रक्त तपासलं, लघवी तपासली, काय काय तपासलं... ज्ञान्याचं सगळं रेंजमध्ये!

तुम्हाला सांगतो, हा माणूस खातो काय ते ऐका. बसमधून उतरला की वडापाव, एक नाही, दोन. कॅन्टीनमध्ये भजी असली की, ‘सुजित, तू खाणार नाहीस ना रे?’ म्हणत माझ्या ताटातली उचलतो, मी हो-नाही म्हणायच्या आत! चहा म्हणाल तर नुसता पाक. व्यायाम म्हणाल तर लिफ्टचं बटण दाबणे, तेही एखाद्या दिवशी मला सांगतो. आणि कोलेस्टेरॉल? रेंजमध्ये! साखर? रेंजमध्ये! अहो, देवाकडे काही ऑडिट वगैरे असतं की नाही?

आता तुम्ही म्हणाल, सुजितराव, दरवर्षीची मेडिकल तपासणी ती, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? यंदाची गोष्ट वेगळी होती. आमच्याकडे गेज रूम आहे. म्हणजे ज्या मापांनी आम्ही पार्ट मोजतो ती मापं बरोबर आहेत का, हे तपासायची खोली. एसी, खुर्ची, हात काळे होत नाहीत, आणि कायम फर्स्ट शिफ्ट! कायम! बारा वर्षं तीन पाळ्यांत फिरतोय मी. नाइटला असलो की दिव्या, माझी मुलगी, शाळेतून येते तेव्हा मी झोपलेला, सेकंडला असलो की मी येतो तेव्हा ती झोपलेली. दुसरीत आहे. परवा शाळेत ‘माझे बाबा’वर पाच ओळी लिहायला सांगितल्या, हिनं एकच लिहिली, ‘माझे बाबा झोपतात.’ बाईंनी खाली लिहिलं, ‘छान, अजून लिही.’ अजून काय लिहिणार ती? हसू नका राव, मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

तर गेज रूममधली एक जागा मोकळी झाली आणि आमचे सुपरवायझर मारुतराव, चाकणजवळच्याच गावचे, आम्हा दोघांना बोलावून म्हणाले, ‘हे बघा, कामात तुमी दोघंबी सारखंच. उगा कुणावर अन्याव नको. मेडिकल हाय आता, ज्याचा कागद चोख त्याचं नाव वर धाडतो. मागनं माज्याकडं तोंड वाकडं करून यायचं न्हाई.’ मी मनात म्हटलं, झालं! जागा माझी! वडापाव विरुद्ध कारलं, निकाल काय लागणार?

लॅबवाल्यांनी सूचनांचा कागद दिला. बारा तास काही खाऊ नका, पाणी प्यायलं तरी चालेल, आदल्या दिवशी जड व्यायाम नको. वाचला मी. अडाणी नाही मी. पण मी म्हटलं, बारा तास उपाशी तर ज्ञान्यापण राहणार! मग त्याच्यात नि माझ्यात फरक काय? मी चोवीस केले. वर पाणीही बंद. कडक! आणि आदल्या संध्याकाळी दुर्गा टेकडीवर पळत पाच चकरा, घरी येऊन दोनशे बैठका. दिपाली, आमची मंडळी, कागद हातात घेऊन मागे मागे, ‘अहो, यात तर नको म्हटलंय...’ मी म्हटलं, ‘तो कागद पास होणाऱ्यांसाठी आहे. पहिला नंबर काढणाऱ्यांसाठी नाही!’

सकाळी रांगेत उभा राहिलो तर पाय वाकेनात. आणि ती लघवीची बाटली... आता तुमच्यापासून काय लपवायचं? चोवीस तास पाणी नाही, बाटलीत देणार काय? पंधरा मिनिटं आत उभा, बाहेरून लोक दार वाजवतायत, आणि आलं किती? चमचाभर, तेही हळदीच्या दुधासारखं पिवळं. बाहेर आलो तर ज्ञान्या समोर, बाटली काठोकाठ भरलेली, आणि त्या लॅबवाल्या मुलीला विचारतो, ‘ताई, अजून लागेल का?’ अहो, माणसाला हेवा कशाचा वाटावा याला काही मर्यादा आहे की नाही? मला तिथे त्या बाटलीचा वाटला!

तिसऱ्या दिवशी बसमध्ये मोबाइलवर रिपोर्ट आला. रेंजबाहेरचे आकडे ठळक छापतात ना, माझ्या रिपोर्टात ठळकच ठळक! एसजीओटी जास्त, बिलिरुबिन जास्त, युरिया जास्त. मान तिरकी करून शेजारी बघितलं... सगळं बारीक, शहाण्यासारखं, एका रांगेत. ज्ञान्याचं सगळं रेंजमध्ये! आणि तो रिपोर्ट त्यानं बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला हो, नारळ फोडल्याच्या चित्रासकट! घरी गेलो तर दिपाली म्हणते, ‘भावोजींचं कोलेस्टेरॉल किती छान आहे ना!’ कोलेस्टेरॉलला छान! बारा वर्षांत माझ्या कशाला छान म्हणाली नाही ती!

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या डॉक्टर, तेजस्विनी मॅडम, त्यांनी बोलावलं. रिपोर्ट बघितला, चष्म्यावरून मला बघितलं, हळूच म्हणाल्या, ‘दारू किती घेता?’ मी! सुपारीसुद्धा न खाणारा मी! म्हटलं, ‘मॅडम, थेंब नाही.’ ‘हं, सगळे असंच म्हणतात.’ मग मी सगळं सांगितलं, चोवीस तास, टेकडी, बैठका, ज्ञान्या... त्यांनी पेनच खाली ठेवलं. ‘अहो, एसजीओटी फक्त लिव्हरमध्ये नसतं, स्नायूंतही असतं. सवय नसताना दोनशे बैठका मारल्यात तर वाढणारच. फार वेळ उपाशी राहिलं की काहींचं बिलिरुबिन चढतं. पाणी नाही प्यायलात, युरिया वाढला. आणि रेंज म्हणजे काय, तर बहुतेक निरोगी माणसांचे आकडे ज्यात बसतात तो पट्टा. जरा बाहेर गेलं की आजारच झाला असं नसतं. आणि स्पर्धा तर मुळीच नसते!’ मी म्हटलं, ‘ते कळलं मॅडम, पण मी पास की नापास?’ तर म्हणतात, ‘आठ दिवसांनी परत तपासू. तोवर नीट जेवा, झोपा, पाणी प्या. तुमच्या त्या ज्ञानेशचं बघा, किती निवांत असतात.’

निवांत! जळफळाट झाला नुसता! पण राहिलो हो, आठ दिवस ज्ञान्यासारखा राहिलो. कारलं बंद. लिफ्टनं गेलो. एकदा तर त्याच्या ताटातलं भजं मी उचललं! आणि तुम्हाला सांगतो, परत तपासणी झाली, माझंही सगळं रेंजमध्ये! एक अक्षर ठळक नाही! कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पळत मारुतरावांकडे. त्यांनी बघितला, म्हणाले, ‘ब्येस! तुज्यासाठीच थांबलो हुतो. पर मॅडमनी मागनं दोघांचं व्हिटॅमिन डी पण तपासलं, त्यात ज्ञानेशचं लई कमी निघालं. अकरा!’

अकरा! खोटं कशाला बोलू, दुसऱ्याच्या आजाराचा आनंद मानू नये, कळतं मला, पण माझ्या छातीत बँड वाजला हो! मी तोंड जमेल तेवढं वाईट करून विचारलं, ‘अरेरे... आणि माझं?’ ‘तुजं? शेहेचाळीस! एक नंबर!’ आयुष्यात पहिल्यांदा ज्ञान्याच्या पुढे गेलो मी! म्हटलं, ‘मग गेज रूम...’

‘त्येलाच दिली की! मॅडमनी लिवून दिलंय, नाइट बंद, दिसाची पाळी, आन् रोज अर्धा तास उन्हात बसवा. तुला काय धाड भरलीय? तू कुटल्याबी पाळीला चालतोस.’

आता रोज अकरा वाजता ज्ञान्या गेटजवळच्या हिरवळीवर बाह्या वर करून ऊन खात बसतो. ऊन खातो आणि सोबत वडापाव. काल मी ओव्हरटाइम संपवून, रात्रभर जागलेला, त्याच्यासमोरून बसकडे निघालो, तर हात वर करून काय ओरडला माहितीय? ‘भावा, तुझं बरंय राव! तुला काही होतच नाही!’

खरंच आहे ते. कागद आहे माझ्याकडे.