आराखड्यातल्या आजी

प्रभाग कार्यालयाच्या रांगेत माझ्यापुढे केशरबाई उभ्या होत्या. शहर कार्बनमुक्त करण्याच्या आराखड्यासाठी एक मुलगी टॅबवर सगळ्यांची माहिती भरत होती.

"आजी, दवाखान्यात कशा जाता?"

"चालत. पाऊण तास लागतो."

"अरे वा! म्हणजे प्रदूषण शून्य."

"वा काय? दवाखान्यावरून जाणारी बाळकुमची बस बंद केली म्हणून चालते. गुडघे गेले माझे. बस सुरू करा, तोच अर्ज आणलाय."

"ती डिझेलची होती ना. आपल्या वॉर्डाचा आकडा बिघडेल."

"मग विजेची द्या."

"ती आराखड्यात दोन हजार पस्तीस सालात आहे, आजी."

"तोवर?"

"तोवर असंच चालत राहा. आराखड्याच्या मुखपृष्ठासाठी तुमचा फोटो काढू?"

"काढ. पण बाकड्यावर बसू दे गं आधी."

"बसून नको, आजी. चालताना हवाय."