मोठ्या साहेबांचं रोप

तिकडे नको मॅडम, तिकडे नको — अहो, गेला ना बूट! थांबा, ओढतो. हं. हा चिखल म्हणजे आमचे मास्तर, एकदा धरलं की सोडत नाही — म्हणून तर मी सातवीतच सटकलो. या, माझ्या पावलावर पाऊल टाकत या. काय म्हणालात? कंपनीची रोपं तपासायची आहेत, ती कुठे आहेत? रोपांमधूनच तर चाललोय की! ह्या काड्या दिसतात ना, पाट्या लावलेल्या — 'विक्री विभाग', 'हिशेब विभाग' — हीच ती तुमची खारफुटी. झोपलीय. कायमची.

लावली त्या दिवशी काय थाट होता! बस भरून माणसं, सगळ्यांना सारख्या टोप्या, पाठीवर 'आम्ही किनारा वाचवतो'. लावायची होती खाडीच्या आत, जिथं ती आपसूक वाढते — पण तिथं बस जात नाही ना! मग लावली इथं, लाटांच्या तोंडावर, मागे समुद्र झकास दिसतो म्हणून. फोटोत हो. आणि लावली कशी? प्लास्टिकच्या पिशवीसकट! पिशवी फाडली तर हात माखतात. आत्या म्हणाली, "ताई, पिशवी काढा, मुळं गुदमरतील" — तर ताई म्हणाल्या, "मावशी, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय." झाली बापडी बाजूला.

आत्या कोण? ती बघा, कुंपणापाशी, निळा गणवेश, गळ्यात शिट्टी. तुमचीच राखणदार! आधी ह्याच चिखलात शिंपल्या काढायची, त्यावरच मला वाढवलं तिनं. मग तुम्ही कुंपण घातलं, शिंपल्यांना बंदी केली, आणि बंदी मोडणाऱ्यावर शिट्टी मारायला ठेवलं कुणाला — तिलाच! मांजरालाच दुधाची राखण, आणि वर गणवेश. परवा शेजारणीवर शिट्टी मारावी लागली, तर रात्री जेवली नाही — म्हणजे, भूक नव्हती तिला. जाऊ द्या.

हां, पोचलो! हे बघा, खास मोठ्या साहेबांच्या हातचं. आहे की नाही टवटवीत? एक पिवळं पान दाखवा, हरलो. हाताला गुण असतो एकेकाच्या. काय घालतो? काही नाही, भरती उतरली की फडक्यानं पुसायचं, झालं — पुसायचं म्हणजे — पाणी घालतो हो! हल्ली तर मी यायच्या आधीच लख्ख असतं, भरतीच धुते बहुतेक — मॅडम, पान ओढू नका. ओढू नका म्हटलं ना —

ओढलंत. आता बसवा परत. दाबा, खट्ट वाजेपर्यंत.

बरं, ऐका. तुमच्याच ऑफिसातलं आहे, लिफ्टजवळच्या कुंडीतलं. बॅनर पोचवायला गेलो होतो, येताना उचललं. चोरी कसली? कंपनी प्लास्टिकच्या बाटल्या करते, म्हणजे साहेबांच्या रक्ताचंच की हे! साहेब स्वतः येऊन गेले, पान कुरवाळलं, म्हणाले, "प्रेमानं लावलं की जगतं." मी म्हटलं, अगदी खरं साहेब, हे तर तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त जगेल.

अहो, नियम तुमचाच ना — तपासणीत एक तरी रोप जिवंत दिसलं तर राखण चालू, नाहीतर राखणदार घरी. कुंपण मात्र तसंच राहणार! पगार नाही, शिंपल्या नाहीत — मग काय आत्यानं तुमच्या पाट्या शिजवायच्या?

हसा, हसा. फक्त तिला सांगू नका. तिला खरंच वाटतं ते. जवळचं नीट दिसत नाही तिला. रोज इथं येऊन बसते, पुटपुटते काहीबाही. तिला फसवलंय तेवढं फसवलंय, आता —

आलीच. अगं शिट्टी काय मारतेस, मी आहे! ह्या कंपनीच्या मॅडम. हो, तपासायलाच. जगलंय म्हणाल्या — म्हणालात ना मॅडम? म्हणाल्या. तू बस जरा. खिशात काय गं — फडकं? कशाला — आत्या, ते पान राहू दे. मॅडमनी उलटं बसवलंय? तुला कसं कळलं उल —

खट्ट.

...मॅडम, फोटो काढा आणि निघा. भरती लागलीय.