म्हशीचं शेपूट

(बोरी अरब. सकाळचं अंगण. खाटेवर जुनं धोतर पसरून दोघी शेजारणी मुगाच्या वड्या टाकत आहेत.)

विमल : म्हैस बोलली म्हणे.

रुखमाबाई : बोलली. ‘जमनाबाई, बसा माया पाठीवर, नाल्याले पूर हाय.’ तुमच्या घरची म्हैस मोठी शायनी.

विमल : वयनी, माया सुईण मायची गोष्ट, अन् काल हळदीत तूनं तिची सर्कस केली. बाया हासू हासू लोटपोट.

रुखमाबाई : मंग काय करू? प्रफुल्लच्या पोरीची हळद. बाया म्हणे, आजी, नवरीचा बाप कसा जन्मला थे सांगा. सांगतलं.

विमल : सुईणीच्या डोक्यावर गॅसबत्ती होती म्हणून?

रुखमाबाई : होती ना. तिच्याच उजेडात मगर दिसली.

विमल : आपल्या नाल्यात मगर कुठून येईन व? बत्ती नव्हती, कंदील होता. तोही माया हातात. मी काठावर उभी होती, नऊ वर्साची. अन् माय पाठीवर बसलीच नाही. शेपूट धरून गेली.

रुखमाबाई : शेपूट?

विमल : म्हैस पाण्यात उतरे ना. मंग माय तिच्या कपाळावरून हात फिरवून म्हणे, ‘तुयं पारडू आडवं होतं तं म्या काढलं ना? आता माया येळेले चाल.’ म्हैस नाही बोलली, माय बोलली. अन् म्हैस उतरली.

रुखमाबाई : असं व्हय. मले तं मगरच आठवते.

विमल : मधात माय दिसेनाशी झाली. मी नुसती कंदील हालवत राह्यली. मंग पल्याड शिंगं दिसले, मंग मायचं डोकसं.

रुखमाबाई : वड्या चिकटून राह्यल्या. दूर दूर टाक.

विमल : माया रजतनं मले टेबल घेऊन देल्लं, पेन देल्ला. अंगणवाडीतून रिटायर झाली, आता आजीवर लिही म्हणे. रोज फोन. ‘आई, किती पानं झाले?’ शेवटी मीनं त्या टेबलावर पापडाचे डबे ठेवले.

रुखमाबाई : डबे चांगले राह्यतात तिथं. उंदीर चढत नाही.

विमल : पोळ्याले तूनं सांगतलं का म्हैस उडत गेली. तवा मले इतका राग आला का मी दोन ओळी लिहल्या. काल हे मगर काढली. आज चहा ठेवायच्या आधी कॅलेंडरच्या पाठीमागं सारं लिहून काढलं.

रुखमाबाई : बरं केलं. कॅलेंडर तसंबी जुनंच झालतं.

विमल : वयनी, प्रफुल्लच्या येळेले पल्याड वावरातल्या झोपडीत बाळंतीण तूच होती ना?

रुखमाबाई : नाही तं काय म्हैस होती?

विमल : मंग तुले खरं ठाऊक नाही?

रुखमाबाई : मले आतलं ठाऊक हाय. दारात ओलीचिंब बाई आली. हात गार पडलते तिचे. थे तिनं आधी चुलीवर शेकले अन् मंग माया पोटाले लावले. स्वतः कुडकुडून राह्यलती, तरी पोटाले ऊन हात. एवढं पायलं मी. पाणी नाही पायलं. पाणी तूनं पायलं.

विमल : हाताचं मले कधी सांगतलं नाही तूनं.

रुखमाबाई : हासायसारखं काही नव्हतं त्याच्यात.

विमल : लिहू का थे?

रुखमाबाई : तुयी माय, तुयं कॅलेंडर. मी कोण सांगणारी? प्रफुल्लच्या पोरीले देजो मात्र एक कागद. सासरी नेईन. तिले वाटते का तिचा बाप मगरीच्या पाठीवर आला.

विमल : तूच तं सांगतलं.

रुखमाबाई : हाव. म्हणूनच म्हणतो.

विमल : आणू का कागदं? वाचून दाखवतो.

रुखमाबाई : हात धू आधी, पीठ लागीन. अन् विमल...

विमल : काय व?

रुखमाबाई : पाण्यापाशी आली का जरा हळू वाचजो.